पोलीस शिपायाची राज्यघटना

पोलीस भरतीच्या मार्गदर्शक पुस्तकांत राज्यघटनेचे एक प्रकरण असतेच. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, मूळ कलमे ३९५ आणि परिशिष्टे ८. आमच्या ताडकळसमध्ये पहाटे रस्त्यावर धावायला निघणारी मुले-मुली ही उत्तरे झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. मैदानी चाचणीचे पन्नास गुण, लेखी परीक्षेचे शंभर. त्या शंभरातले दोन-चार गुण राज्यघटनेच्या नावावर जमा होतात आणि पुस्तक मिटते.

या पाठांतराला आमचा विरोध नाही. शिक्षकाने पाठांतराला नावे ठेवणे शोभतही नाही. पण ज्याला उद्या खाकी घालून रात्री अडीच वाजता कुणाच्या दारावर थाप मारायची आहे, त्याला परिशिष्टांची संख्या उपयोगी पडत नाही. त्याच्या कामाची राज्यघटना फार थोडी आहे. शाळेच्या वहीची दोन पाने पुरतील. ती दोन पाने आपल्या घरांतल्या अम्मी-अब्बांनीही वाचावीत, कारण आपल्या वस्तीत एकाच गल्लीत एका घरचा मुलगा भरतीची तयारी करीत असतो आणि दुसऱ्या घरचा मुलगा ठाण्यात बसवून ठेवलेला असतो. कधी कधी ती दोन्ही मुले एकाच घरची असतात.

आमचा एक जुना विद्यार्थी सध्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आहे. सुटीच्या दिवशी त्याचा फोन येतो. परेड, मेसचे जेवण, पायाला आलेले फोड हे सांगून झाले की प्रश्न सुरू होतात. त्याचा पहिलाच प्रश्न असा होता : “सर, बावीस नंबर की दफा पुलिसवालों के वास्ते है के मुल्जिम के वास्ते?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करू.

अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून त्याला रोखता येणार नाही. आणि अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय त्याला एक तासही कोठडीत ठेवता येत नाही. हक्क मुल्जिमाचा आहे, पण त्यातले प्रत्येक काम पोलिसाला करायचे आहे. कारणे सांगायची पोलिसाने, वकिलाला भेटू द्यायचे पोलिसाने, चोवीस तास मोजायचे पोलिसाने. म्हणून आम्ही त्याला म्हणालो, दफा दोघांसाठी आहे. त्याला ती ढाल आहे आणि तुला ती ड्युटी आहे.

हे कलम मसुद्यात आधी नव्हते. आज ज्याला आपण अनुच्छेद २१ म्हणतो, त्यात कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढेच म्हटले होते. ‘कायद्याने ठरवून दिलेली’ हे शब्द अनेक सभासदांना खटकले. उद्या विधिमंडळाने वाटेल तसा कायदा केला तर? त्यावर उतारा म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये, घटना पूर्ण व्हायला जेमतेम दोन महिने उरले असताना, डॉ. आंबेडकरांनी अटकेविषयीचे नवे कलम मांडले. चोवीस तास, वकील, कारणे या किमान गोष्टी तरी कोणत्याही कायदेमंडळाच्या हाती न ठेवता थेट घटनेतच लिहून ठेवाव्यात, हा त्यामागचा हेतू. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कार्यपद्धती कायद्यात लिहिलेली असणे पुरेसे नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे.

त्या सप्टेंबरच्या बरोबर एक वर्ष आधी आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातील आपल्या घरांत ‘पुलिस ॲक्शन’ हे शब्द म्हातारी माणसे अजून हळू आवाजात उच्चारतात. पोलीस या शब्दाची भीती कुठून आली हे नव्या पोरांना कळत नाही, पण ती आहे, आणि खाकी घालणाऱ्या मुलालाही ती ठाऊक असलेली बरी.

आता अनुच्छेद २० चे तिसरे कलम. कुणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. प्रशिक्षणार्थ्याला येथे हमखास शंका येते : मग बोटांचे ठसे कसे घ्यायचे? हा प्रश्न आपल्याच जुन्या मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की ठसे, हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. पण डोक्यात जे आहे ते बळजबरीने वदवून घेणे म्हणजे साक्षच. २०१० मध्ये त्याच सूत्राने नार्को चाचणीही संमतीशिवाय करता येणार नाही असे ठरले.

यालाच जोडून एक गोष्ट, जी चित्रपटांमुळे लोकांच्या ध्यानात राहत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या पुरावा कायद्यात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, कलम २३ मध्ये, ते तसेच आहे. कबुलीमुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तर तेवढा भाग वाचला जातो, बाकी कागद वाया. मग मारून उपयोग काय? इंग्रजांनी १८६० मध्ये दंडसंहिता लिहिली तेव्हा कबुलीसाठी दुखापत करण्याच्या गुन्ह्याखाली समजावून सांगायला उदाहरण घेतले ते पोलीस अधिकाऱ्याचेच. आजच्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम १२० आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत. “साहेबांनी सांगितले म्हणून मारले” हा बचाव होत नाही. हवालदाराला पाळायचा असतो तो कायदेशीर हुकूम. हे वाक्य आम्ही त्या मुलाला दोनदा म्हणायला लावले, वर्गात पाढे म्हणायला लावतो तसे.

ठाण्यातल्या कागदांची भाषा पाहिली की उर्दूच्या शिक्षकाला घरी आल्यासारखे वाटते. फिर्याद, जबाब, जामीन, वकील, मुद्देमाल, फौजदार, हवालदार, नक्कल, हजर, कैद, अर्ज. निम्मी डायरी अरबी-फारसीतून आलेली. दिवाणी-फौजदारी ही विभागणीही त्याच दफ्तरातली. पण शब्द ओळखीचे असले म्हणून कागद समजतो असे नाही, आणि येथे खरी मेख आहे.

मुलाने मागे विचारले, “सर, गिरफ्तारी का कागज किस जबान में देना?” त्याच्या पुस्तकात फक्त ‘कारणे कळवावीत’ असे होते. आम्ही त्याला नागपूरच्या हरिकिसन यांचा खटला सांगितला. १९६१ मध्ये त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि कारणांचा कागद इंग्रजीत हाती दिला. आपल्याला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, अशी त्यांनी मागणी केली. ती फेटाळली गेली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्यांना सोडून दिले : जी भाषा कळत नाही तिच्यात कारणे देणे म्हणजे न देण्यासारखेच. ती स्थानबद्धता होती, साधी अटक नव्हे. साध्या अटकेतही कारणे तोंडी सांगून भागते की लेखीच द्यावी लागतात, यावर पुढे बराच वाद चालला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच गुन्ह्यांसाठी सांगून टाकले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील. अगदीच तातडी असेल तर आधी तोंडी चालेल, पण रिमांडसाठी न्यायालयात उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हाती पडला पाहिजे.

आता जबाबाकडे या. आपल्या बायका-मुली ठाण्यात दख्खनीत बोलतात, अंमलदार मराठीत लिहितो. बहुतेक वेळा अर्थ नीट उतरतो, कारण दोन्ही बोली शेजारणी आहेत. पण आपल्याकडे ‘परसों’ म्हटले की परवाच असे नसते. चार दिवसांपूर्वीचे परसों असते आणि मागच्या ईदचेही परसों असते. तो शब्द कागदावर ‘परवा’ होऊन बसला, परवाची तारीख लिहिली गेली, की उलटतपासणीत वकील तीच तारीख धरतो आणि खरे बोलणारी बाई खोटी ठरते. म्हणून लिहून घेणाऱ्याने विचारावे, परसों म्हणजे कोणता वार? बाजार होता का त्या दिवशी? आणि सांगणाऱ्याने लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे. फिर्यादीवर सही असते, तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते. कुणी घेऊ लागले तर त्याला कायदा माहीत नाही असे समजावे.

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, हेही सांगून ठेवतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून स्त्री, पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्यांची स्वतःची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक प्रसंग असेल तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. स्त्रिया आणि पोलीस ठाणे यांविषयीचे कायदे कडक होण्यामागे एक ठाणे आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे पोलीस सुटले. त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला. प्रशिक्षण केंद्रातल्या मुलींना हे आवर्जून सांगावे. त्या ठाण्यात बसल्या म्हणजे इतर बायकांना ठाण्याची पायरी चढायला धीर येतो, असा आमचा समज आहे.

फिर्याद न घेण्याविषयी तक्रारी फार येतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. हद्दीचा प्रश्नही आता उरलेला नाही : घटना पूर्ण्याच्या हद्दीत घडली म्हणून ताडकळस ठाण्याला माणूस परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि तेथेही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कलम १७३ मध्ये हा सारा रस्ता लिहिलेला आहे.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक गुन्ह्यात अटक केलीच पाहिजे असेही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी, अटक का आवश्यक आहे ते लिहून काढावे, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून बंधन आहे. आमच्या विद्यार्थ्याला हे पटेना. “सर, नोटिस देके छोड दिए तो लोगां बोलते पैसे खाया.” लोक म्हणतात खरे. आपणच म्हणतो. शेजाऱ्याच्या मुलाला नोटीस देऊन सोडले की आपण पोलिसाला शिव्या देतो आणि आपल्या मुलाला अटक झाली की कायद्याची आठवण काढतो.

आता न्यायालयांची शिडी. हजर करायचे ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, तहसीलदारांसमोर नव्हे. हा घोळ गावोगाव आहे, कारण तहसीलदारही कार्यकारी दंडाधिकारी असतात आणि चॅप्टर केसमध्ये शांतता राखण्याचा बाँड त्यांच्यापुढे द्यावा लागतो. पण ते सरकारचे अधिकारी. न्यायव्यवस्था सरकारपासून वेगळी ठेवावी असे अनुच्छेद ५० सांगतो, म्हणून अटकेचा हिशेब मागायचा तो न्यायालयाने. आपल्या तालुक्याचे न्यायालय पूर्ण्याला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात. परभणीला मुख्य न्यायदंडाधिकारी, त्यांची मर्यादा सात वर्षे. त्यांच्यावर जिल्हा व सत्र न्यायाधीश. ते फाशीपर्यंत कोणतीही शिक्षा देऊ शकतात, फक्त फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. उच्च न्यायालय म्हणजे आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. १९५६ पर्यंत आपले दावे हैदराबादला जात, त्यानंतर पंचवीस वर्षे थेट मुंबईला. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ बसू लागले. परभणीच्या गरीब माणसाला उच्च न्यायालय दिसू लागले ते तेव्हापासून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. मूलभूत हक्क मोडला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आणि अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात सरळ जाता येते. माणूस कोठडीत नेला आणि दिसेनासा झाला, तर त्याला न्यायालयापुढे उभा करा असा हुकूम मागण्याचा जो अर्ज, त्याला बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. नाव अवघड आहे, मागणी अगदी आईची आहे : माझे लेकरू दाखवा.

आईचा विषय निघाला म्हणून परभणीच्या दोन आयांविषयी लिहिले पाहिजे. शिपायाची राज्यघटना शिकवताना ही दोन प्रकरणे टाळून पुढे जाणे आम्हाला जमणार नाही.

पहिली आसिया बेगम. त्यांचा मुलगा ख्वाजा युनूस, परभणीचा, सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर अभियंता. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. २५ डिसेंबरला युनूसला पोटा कायद्याखाली अटक झाली. या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत होती, म्हणजे वर सांगितलेली भिंतच त्यात नव्हती. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की तपासासाठी औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि युनूस पळून गेला. बरोबरच्या आरोपींनी न्यायालयात सांगितले की त्याला कोठडीत मारहाण होताना त्यांनी पाहिले. आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात तो कोठडीतच मरण पावल्याचे निष्पन्न झाले आणि चौदा पोलिसांची नावे पुढे आली. सरकारने खटल्यासाठी मंजुरी दिली ती चौघांपुरती. साक्षीपुरावा सुरू व्हायला २०१८ साल उजाडले. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आईला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही. जनाजा नाही, कबर नाही.

पळून गेल्याचे सांगणे नवे नाही. ओडिशात १९८७ मध्ये सुमन बेहेरा नावाचा तरुण पोलीस चौकीतून पळाला आणि रेल्वेखाली सापडला, असे पोलिसांनी सांगितले होते. त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. कोठडीत मृत्यू झाला तर राज्याने भरपाई दिली पाहिजे हे तत्त्व १९९३ च्या त्या निकालाने पक्के झाले. तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, डी. के. बसू खटल्यात अटकेविषयीच्या अकरा सूचना आल्या : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, अंगावरच्या जखमांची नोंद, वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट. आज त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टी नव्या संहितेत कलमे होऊन बसल्या आहेत. युनूसला अटक झाली तेव्हा या सूचनांना सहा वर्षे झाली होती.

दुसरी आई विजयाबाई सूर्यवंशी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्याला हिंसक वळण, मग धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते, कलम १९६. त्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदेना. आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथे त्याची मागणी फेटाळली गेली. दोषी कोण हे खटल्यात ठरायचे आहे आणि तोवर आम्ही कुणाचे नाव घेणार नाही. पोलिसालाही तो हक्क आहेच, निर्दोष मानले जाण्याचा.

दोन्ही प्रकरणांत बावीस वर्षांचे अंतर आहे. एक मुलगा मुस्लिम घरातला, दुसरा वडार समाजातला. दोन्ही वेळा वाट एकच होती : ठाणे, कोठडी, आई, उच्च न्यायालय. आणि दोन्ही वेळा कुठे तरी एक न्यायदंडाधिकारी होते, ज्यांच्यासमोर मुलाला उभे केले गेले. रिमांडच्या वेळी न्यायालय विचारते, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मागे पोलीस उभा असताना बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. तो एक मिनिटाचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला जावा, सदरा वर करून पाठ पाहिली जावी, यासाठीच चोवीस तासांची मुदत घटनेत लिहिली आहे. आमच्या मते त्या मिनिटाला वकील जवळ असणे हे पुढच्या दहा वर्षांच्या खटल्यापेक्षा मोलाचे.

हे सारे ऐकून आमचा विद्यार्थी फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, इत्ता सब याद रख्या तो साहब बोलेंगे, ये वकील कहाँ से आया.” म्हणतीलही. आम्ही त्याला एवढेच सुचवले की सगळे लक्षात ठेवू नकोस, चार गोष्टी ठेव. छातीवरची नावाची पट्टी काढायची नाही. अटकेची वेळ स्टेशन डायरीत खरी लिहायची. सकाळी आणलेला माणूस संध्याकाळी दाखवायचा नाही, कारण चोवीस तास तेथूनच मोजतात आणि खोटेपणा तेथूनच सुरू होतो. घरच्यांना फोन करायचा. कॅमेरा बंद असेल तर तसे लेखी कळवायचे. प्रत्येक ठाण्यात आणि कोठडीसमोर कॅमेरे हवेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच दिलेला आहे.

आणि घरच्यांसाठी. मुलाला नेले तर आरडाओरडा करून ठाण्यासमोर गर्दी जमवू नये, त्याने कागदावर नवी कलमे वाढतात. वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी जावे, कोणत्या गुन्ह्यात आणले ते विचारावे, अटक पंचनाम्यावरची वेळ पाहावी. अठरा वर्षांखालील मूल असेल तर शाळेचा दाखला किंवा आधार सोबत न्यावे, कारण त्याला कोठडीत ठेवताच येत नाही. बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. अनुच्छेद ३९-क खाली मोफत विधी साहाय्य आहे, आणि कोठडीतला माणूस, स्त्री किंवा मूल यांचे उत्पन्न त्यासाठी पाहिले जात नाही. पूर्ण्याला तालुका विधी सेवा समिती आहे, परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फोन लावायचा क्रमांक १५१००. दवाखान्याचा आणि गॅसचा नंबर जेथे भिंतीवर लिहून ठेवला आहे, तेथेच हाही लिहावा.

जामीन कसा मागतात, साठ आणि नव्वद दिवसांचा हिशेब काय, हे पुढच्या महिन्यात.